सात नंबरची फळी

१२ फेब्रुवारी

उंटा,

मी पळालो नव्हतो. आधी ते दुरुस्त कर. मी चालत गेलो, आणि तेही त्या जिन्यावरून, जिथे तुमची सगळी पोरं पत्र्याचे डबे बडवत बसली होती. पळणारा माणूस त्यांच्यातून वाट काढेल का? सहा वर्षांनी पत्र पाठवलंस, तेही आमच्या जुन्या दुकानमालकाकडून पत्ता काढून, आणि पहिल्याच ओळीत काय, तर "शेवटच्या सामन्यानंतर चेंडूवर सही न करता, हात न मिळवता पळालास." कसा आहेस, कुठे आहेस, काही नाही. मान उंच असली की खालच्या माणसाचं दिसत नाही, हे मी तेव्हाही म्हणायचो.

कारण सांगतो. आईला बरं नव्हतं. निरोप आला म्हणून निघालो. झालं समाधान?

तू आता पलीकडच्या कॉलेजात खेळाचा सर झालास, हे वाचून हसू आलं. तुझ्या हाताखालच्या पोरांची कीव येते. मी इथे गोदीत जहाजं दुरुस्त करतो. म्हणजे जहाजाच्या पोटात टाक्या असतात, त्यात शिरून वेल्डिंग. आत उभं राहता येत नाही, गुडघ्यांवर बसून सगळं काम. तुला तर आत घेताच आलं नसतं, मानेत कापावं लागलं असतं. हे माझं तिसरं काम. आधी कंटेनरच्या यार्डात होतो, मग पाइपलाइनवर. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. आहे तर आहे.

खोलीत आम्ही चौघं. तुझं पत्र आलं तेव्हा त्यांना आपल्या बास्केटबॉल कोर्टाची गोष्ट सांगितली, तर कुणाला पटेना. म्हटलं, अरे खरंच, दोन कॉलेजं आणि कोर्ट एकच. वरची माणसं कधीकाळी भांडली, जमिनीची वाटणी झाली आणि मोजणीची रेघ नेमकी कोर्टाच्या मधोमध आली. मग मध्यरेषेवर लोखंडी पाइप रोवून जाळी लावली. एक रिंग त्यांना, एक आम्हाला. दोघंही एकमेकांना पलीकडचे म्हणणार. वर्षभर अर्ध्या कोर्टावर सराव करायचा आणि वर्षातून एक दिवस पाइप उपसायचे, भोकांत लाकडी बुचं ठोकायची आणि पूर्ण कोर्टावर सामना खेळायचा, संपल्यावर दोन्हीकडच्यांनी चेंडूवर सह्या करायच्या.

सामन्यात काय व्हायचं ते सांगितल्यावर तिघं लोळायचे बाकी राहिले. जाळी नाही हे डोळ्यांना कळायचं, पायांना कळायचं नाही. पोरं चेंडू घेऊन सुसाट यायची आणि मध्यरेषेवर आली की कुणी कॉलर धरल्यासारखी थबकायची. आमच्या कप्तानाने तर एकदा तिथे उभं राहून, जाळीवरून टाकावा तसा, चेंडू वरून पलीकडे टाकला. टाकल्यावर त्याचं त्यालाच कळलं, पण तोवर तो तुमच्या हातात.

एकाने विचारलं, "मग जिंकायचं कोण?"

म्हटलं, "जो जाळी आधी विसरेल तो."

पहिल्या वर्षी तू दोनदा थबकलास. मी मोजलं होतं. तिसऱ्या वेळी चेंडू घेऊन आलास तेव्हा चार पावलं आधीच मान वर केलीस, नजर आमच्या रिंगवर लावलीस आणि खाली बघितलंच नाहीस. मी समोर उभा होतो. मला तुला अडवायचं होतं आणि मी बघतच राहिलो, की हा माणूस भर सामन्यात, सगळ्यांसमोर, स्वतःची खोड मोडतोय. एवढं करून सामना आम्हीच जिंकलो, एकेचाळीस चाळीस. ते लिहायला तू विसरलास, म्हणून मी लिहितो.

माशी

९ मार्च

उंटा,

माझी आई त्याच जिन्यावर तुझ्या आईशेजारी बसली होती, हे मला काय माहीत? दोघींनी एकाच डब्यातून खाल्लं असंही लिहिलंस. बरं, मग आईला बरं नव्हतं हे खोटं. तुझ्या आईची स्मरणशक्ती एवढी दांडगी असेल असं वाटलं नव्हतं. "त्या बाई दोन तास नुसतं सात नंबर, सात नंबर म्हणून ओरडत होत्या, पोटच्या पोराला नावाने हाक मारेनात," असं त्यांना तेव्हाच खटकलं म्हणे.

आईला तसं बजावूनच नेलं होतं.

पण तुझ्या पत्रातलं त्याच्यापुढचं वाचलं आणि मी बंकवर उठून बसलो. डोकं वरच्या फळीला आपटलं. तू लिहिलंस, तुला सगळं पहिल्याच सामन्यात कळलं होतं. दहाव्या मिनिटाला. "तू मध्यरेषेवर एकदाही थबकला नाहीस. जाळीच नव्हती कधी, असा पळत होतास. त्या कोर्टावर महिनाभर जरी सराव केलेला असता, तरी तुझे पाय अडले असते. म्हणजे तू अलीकडचाही नव्हतास आणि पलीकडचाही नव्हतास."

उंटा, मी दोन वर्षं या भीतीत काढली, की कुणी ओळखपत्रावरचा फोटो नीट बघेल, कुणी वर्गातला प्रश्न विचारेल, कुणी सही ताडून बघेल. आणि तू नुसते पाय बघून ओळखलंस. हे मला शंभर वर्षांत सुचलं नसतं.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, तर सांगतो. वाचून झालं की फाडून टाक. मी त्या कॉलेजात एक दिवसही शिकलो नाही. नववीत शाळा सोडली आणि जाळ्या-फाटकं बनवायच्या दुकानात लागलो. मागच्या मोकळ्या जागेत सळई वाकवून रिंग केली होती, खांबाला वेल्ड केली होती, तिथेच शिकलो. कॉलेजात होता तो दादा. सात नंबर त्याचा. पहिल्या सामन्याच्या तीन आठवडे आधी त्याचं मनगट मोडलं. आमचे सर घरी बघायला आले, मी दारात उभा होतो. सरांनी दादाच्या प्लास्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत दादाकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्यात दोन वर्षांचं अंतर आहे ना? दिसत नाही."

एवढंच म्हणाले.

आणि तू तक्रार केली नाहीस. एक शब्द बोलला असतास तर पहिल्या वर्षीचा सामनाही तुमचा होता. का नाही केलीस, तर म्हणतोस, "केली असती तर दुसऱ्या वर्षी परत तुमच्या त्या ढिम्म कप्तानाला अडवत बसावं लागलं असतं. मला कंटाळा आला असता." मी हे खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. आमच्यातला म्हातारा फिटर आहे, तो म्हणाला, "या माणसाला जपून ठेव."

माशी

३० मार्च

उंटा,

जाळी कायमची निघाली हे वाचून विश्वास बसत नाही. वरची माणसं आता एक झाली म्हणतोस, चला, कोर्ट तरी सुटलं. उद्घाटनाला जुन्या खेळाडूंचा सामना ठेवलात हेही चांगलं. आणि भिंतीवर लाकडी फळ्या लावणार, वार्षिक सामना खेळलेल्या प्रत्येकाच्या नावाची एक, पुढे त्याचा नंबर. फळीचा खर्च ज्याचा त्याने द्यायचा. ठीक आहे.

तुझा प्रश्न सरळ आहे, उत्तर सरळ नाही. "सात नंबरच्या फळीवर कुणाचं नाव घालू? मी दोन वर्षं ज्याला अडवलं त्याचं घालावं असं मला वाटतं. रंगारी एप्रिलअखेरीस येईल."

मला माझं नाव हवंय. का हवंय ते तुला माहीत आहे, पण तरी लिहितो, कारण आज मला लिहावंसं वाटतंय.

दुसरा सामना. तू वर्षभर तयारी करून आला होतास. तुमची पोरं सकाळी रस्त्यावर पूर्ण कोर्टाची लांबी मोजून धावतात, हे आमच्या कानावर आलं होतं. सर म्हणाले, "धावू देत, दमतील." दमला कोण ते सगळ्यांनी बघितलं. हाफटाइमला आम्ही अकराने मागे होतो. मग मी चेंडू ढापायला लागलो. तू उजव्या हाताने टप्पा मारायचास आणि डावीकडे वळताना क्षणभर चेंडू उघडा टाकायचास, एवढीच तुझ्यात फट होती. त्या फटीतून मी पाचदा चेंडू काढला. सहाव्या वेळी हात घातला तर फट नव्हती. तू खेळता खेळताच बुजवलीस. माझा हात हवेत गेला, तू माझ्या अंगावरून पुढे गेलास आणि जाता जाता म्हणालास, "उशीर झाला, माशी." मला राग यायला हवा होता. मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, याच्याशी रोज खेळायला मिळालं असतं तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

शेवटचे चार सेकंद. आम्ही एकाने पुढे. तू कोपऱ्यातून, दोन माणसं अंगावर, एका पायावर मागे झुकत टाकलेला तो चेंडू रिंगमधून गेला आणि सामना तुमचा झाला. मीच होतो त्यातला एक. माझी बोटं चेंडूला लागली नाहीत, तुझ्या मनगटाला लागली असतील. शिट्टी झाली नाही आणि तू मागितलीही नाहीस. नंतर मी ती उडी आमच्या दुकानामागच्या खांबाशी किती वेळा मारून बघितली. चेंडू शंभरातून सहा वेळा जायचा, तेही समोर कुणी नसताना.

म्हणून मी निघालो, सही न करता. पहिल्या वर्षी जिंकल्याच्या गडबडीत मी चेंडूवर दादाचं नाव लिहून मोकळा झालो होतो. दुसऱ्या वर्षी पेन माझ्याकडे आला तेव्हा लक्षात आलं, की आता हात माझंच नाव लिहिणार. एवढा सामना मी कुणा दुसऱ्याच्या नावावर टाकायला तयार नव्हतो. पेन पुढच्याच्या हातात दिला आणि चालायला लागलो.

रंगाऱ्याला थोडं थांबव. मला विचार करू दे.

माशी

१९ एप्रिल

उंटा,

तू मला सुखाने झोपू द्यायचं नाही असं ठरवलंयस का?

आधी तू न विचारलेलं सांगतो. दादा आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात क्लार्क आहे, तुला माहीतच आहे, जाळी होती तेव्हा रोज तिच्यातून दिसत असेल. ती जागा त्याला खेळाडूंसाठी राखलेल्या जागांतून मिळाली. दोन सामन्यांची दोन प्रमाणपत्रं लावली होती. फळीवर माझं नाव आलं की कुणीतरी विचारणार, मग प्रमाणपत्रं कुणाची? घरात आई, वहिनी, आणि आता लहान मूल. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मागच्या पत्रात मी तुला "नको" म्हणालो नाही, "थांबव" म्हणालो.

आणखी एक. दादा माझ्याशी बोलत नाही. त्याला नोकरी लागली त्या दिवशी सगळे जेवायला बसलो होतो. आई त्याचं कौतुक करत होती. दुकानात माझं मालकाशी भांडण झालेलं, डोकं फिरलेलं. मी म्हणालो, "नोकरी कुणाच्या उड्यांवर मिळाली ते विसरू नका म्हणजे झालं." दादाने हातातला घास ताटात ठेवला, उठला, हात धुतला. पुढच्या महिन्यात मी घर सोडलं. तेव्हापासून आई फोनवर त्याची खुशाली सांगते, त्याला माझी सांगते. मधल्या मधे निरोप्या झालीय बिचारी.

आणि आता तू लिहितोस, दादा तुझ्याकडे आला होता. जेवणाच्या सुट्टीत, जिथे जाळी होती तिथून आत पाऊल टाकून. म्हणाला, "सर, सात नंबरच्या फळीवर माझ्या धाकट्याचं नाव घाला."

तू विचारलंस, "आणि तुमच्या नोकरीचं?"

तो म्हणाला, "बघू. चार वर्षं झाली, कामात खोट काढता येणार नाही कुणाला." मग जाता जाता, "त्याला मात्र कळवू नका."

आणि तू लगेच कळवलंस. वर म्हणतोस, "पलीकडच्यांचं मी कधी ऐकलंय?"

हे वाचलं तेव्हा मी टाकीत होतो, जेवणाची वेळ, डबा मांडीवर. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा आनंदच झाला. म्हटलं, घाला. तोच म्हणतोय तर घाला. दुपारभर माझं नाव फळीवर कसं दिसेल तेच डोळ्यांसमोर. इतका, की वेल्डिंगची एक शिवण वाकडी गेली आणि फोरमनने ती पूर्ण घासून काढायला लावली. ती घासता घासता दुसरंच डोळ्यांपुढे यायला लागलं.

आमचं स्वयंपाकघर. दादा सरावाहून आला की पाय न धुता तिथेच फरशीवर बसायचा. पाच वाट्या म्हणजे आम्ही, चार झाकणं म्हणजे तुम्ही, तू सोडून. तू म्हणजे तेलाचा डबा, सगळ्यात उंच. सरांनी त्या दिवशी जे जे शिकवलं ते प्लास्टरातल्या हाताने वाट्या सरकवत मला दाखवायचा. "इथे पास आला की तू डब्याच्या मागून जायचं. डब्याच्या पुढून नाही, मागून. परत कर." आई म्हणायची, "तुमचा सामना संपला असेल तर मी फोडणी घालू का?" तरी तो तेलाचा डबा सोडायचा नाही. चेंडू उघडा पडतो ती तुझी फट कुणी शोधली असं तुला वाटतं? वर्षभर जाळीच्या अलीकडे बसून तुला बघत कोण होतं? मी तर दिवसभर दुकानात असायचो.

दुसऱ्या वर्षी त्याचं मनगट बरं झालं होतं. एवढं मी तुला आजवर सांगितलं नाही. तो खेळू शकला असता. वर्षभर सराव त्यानेच केला. सामन्याच्या आठवडाभर आधी सर त्याला म्हणाले, "या वेळीही त्यालाच पाठव." दादाने घरी येऊन जर्सी धुतली, इस्त्री केली आणि माझ्या उशाशी ठेवली. मी साधं "तू खेळ" असं म्हणालो नाही. मला तुझ्याशी खेळायचं होतं.

माशी

४ मे

उंटा,

रंगाऱ्याला सांग, फळीवर दादाचं नाव. अक्षरं नीट काढायला सांग, पुढे सात.

हे मी मोठेपणाने करत नाही, ते माझ्या अंगात नाही. मला माझं नाव अजूनही हवंय, आज रात्री परत हवं वाटेल. पण सात नंबर कुणी एकटा नव्हता. एक जण सराव करायचा, एक जण खेळायचा. खेळणाऱ्याला दोन सामने मिळाले, डबे वाजले, तुझ्यासारखा माणूस समोर मिळाला. फळी दुसऱ्याला मिळू दे. त्यात खोटं असं काही नाही.

काल दादाला फोन केला. आईने उचलला, मी म्हटलं, "दादाला दे." ती फोन हातात घेऊनच त्याला हाका मारत सुटली.

तो आला. मी विचारलं, "मनगट कसं आहे?"

"थंडीत दुखतं."

"आता थंडी आहे का?"

"नाही."

"मग फळीवर तुझं नाव येतंय. मी कळवतोय आज."

तो म्हणाला, "मी एकही सामना खेळलेलो नाही. लोकांना फसवायचं किती दिवस?"

म्हटलं, "जुन्या खेळाडूंचा सामना आहे ना? उतर. सात नंबर घालून. मग तर खेळलास? आणि जेवताना जे बोललो, ते मी बोलायला नको होतं. तुझ्या वाट्यांशिवाय मला त्या उंटाची सावलीसुद्धा सापडली नसती."

मागे मूल रडत होतं. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

मग म्हणाला, "बूट नाहीत माझ्याकडे."

तर ऐक. पहिलं, त्याला सोडायचं नाही. क्लार्क आहे, पोट सुटलंय, म्हणून हळू खेळलास तर त्याला लगेच कळेल, तुझा खेळ त्याच्याइतका कुणी बघितलेला नाही. माझ्याशी जसा खेळलास तसाच खेळ. दुसरं, मी येत नाही. फोरमन सुट्टी देतोय, पण मी तिथे असलो तर आईचा घोळ होईल, कुणाला हाक मारायची. या वेळी तिला नावाने ओरडू दे. सामना कसा झाला ते तू लिही, दादा लिहील ते एका ओळीत उरकेल.

बूट तू घेऊन दे. तो दुकानात गेला तर स्वस्तातले घेऊन येईल आणि पहिल्या वळणाला घसरेल. पाय नऊ नंबरचा, पंजा रुंद, घोट्याला आधार हवा. फळीचे आठशे आणि बुटांचे दोन हजार सहाशे धरून तीन हजार चारशे पाठवतोय.